नवरा ब्रिटिश पासपोर्टवर, बायको भारतीय, आणि बोट निघालीय शेरबुरला

वाचकाचं पत्र, थोडं कापून: "काका, नमस्कार. मी मूळचा अलिबागचा, गेली अकरा वर्षं इंग्लंडात, मागच्या वर्षी ब्रिटिश सिटिझन झालो. बायकोचा पासपोर्ट अजून भारतीयच आहे, तिला आय-एल-आर, म्हणजे इंग्लंडात कायम राहायची परवानगी, आहे. दोन वर्षांपूर्वी एक जुनी ३१ फुटी शिडाची बोट विकत घेतली, लिमिंग्टनला असते. आजवर सोलेंटच्या, म्हणजे आइल ऑफ वाइटसमोरच्या सामुद्रधुनीच्या, बाहेर गेलो नाही. या जुलैत इंग्लिश चॅनल ओलांडून फ्रान्सचं शेरबुर, तिथून गर्न्झी, मग सेंट मालो आणि परत, असा तीन आठवड्यांचा बेत आहे. एक इंग्रज मित्र सोबत येतोय, त्याचा पासपोर्ट मार्च २०२७ पर्यंत आहे. मरिनातले लोक म्हणतात की काही नसतं रे, पासपोर्ट घे आणि नीघ. खरंच तेवढंच आहे का? आणि पुढे रिटायर झाल्यावर अख्खा उन्हाळा तिकडे काढायचा म्हटलं तर जमतं का?"

मरिनातल्या लोकांचं मनावर घेऊ नकोस. खोटं बोलत नाहीयेत बिचारे, पण त्यांच्या डोक्यात अजून २०१९ चालू आहे. तेव्हा खरंच पासपोर्ट खिशात टाकायचा, ब्रिटनीतल्या (फ्रान्सचा वायव्य किनारा) कुठल्याही खाडीत शिरायचं, नांगर टाकायचा आणि डिंगी वल्हवत जाऊन ब्रेड घेऊन यायचा, तू कोण कुठला हे कोणी विचारायचं नाही. ब्रेक्झिट झालं आणि ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री ते सगळं संपलं. आता ब्रिटिश बोट म्हणजे फ्रान्सच्या लेखी परदेशातून आलेली बोट, आणि त्यावरची माणसं परदेशातून आलेली माणसं, विषय संपला.

तुझ्या बाबतीत भानगड अशी की बोट एक असली तरी कागदांच्या हिशोबाने तुम्ही चौघं आहात. तू, बायको, मित्र आणि स्वतः बोट. चौघांचे नियम चार तऱ्हेचे. लोक स्वतःचा पासपोर्ट बघतात आणि झालं म्हणतात, बाकीच्या तिघांचं पलीकडच्या धक्क्यावर कळतं. म्हणून मी तुझ्यापासून सुरू करतच नाही, तुझ्या बायकोपासून करतो, कारण तुझी सगळी ट्रिप तिच्या पासपोर्टातल्या एका स्टिकरवर टांगलेली आहे.

तिला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या सामायिक सीमेच्या देशांचा. स्वतःच्या बोटीने गेलं काय, फेरीने गेलं काय आणि विमानाने गेलं काय, भारतीय पासपोर्टला फरक पडत नाही. आय-एल-आर इंग्लंडात राहायला कामाचं, फ्रान्समध्ये शिरायला नाही. आणि "पण नवरा ब्रिटिश आहे ना" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं तरी हसू येतं, अरे ब्रिटिश नवऱ्याची बायको म्हणून जी काही सवलत मिळायची ती ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होतं तोवर, आता तुलाच तिकडे पाहुणा म्हणून जायचंय तर तुझ्या नावावर तिला काय मिळणार.

आता यातली मेख बघ. तुझा रूट काय, शेरबुर, गर्न्झी, सेंट मालो. गर्न्झी हे चॅनल आयलंड, ते ना फ्रान्स ना शेंगेन, म्हणजे शेरबुरला तिची एक एंट्री झाली, गर्न्झीला निघालात की ती शेंगेनमधून बाहेर पडली, आणि सेंट मालोला पोचलात की दुसरी एंट्री. व्हिसावर 'एन्ट्रीज'च्या खाली ०१ लिहिलेलं असेल तर गर्न्झीपर्यंत मजेत जाल आणि तिथून पुढे ती सेंट मालोत पाऊल ठेवू शकत नाही. तिथे 'एमयूएलटी', म्हणजे मल्टिपल एंट्री, असंच पाहिजे. ०२ मिळालं तर तुझ्या कागदावरच्या प्लॅनला पुरतं, पण समुद्रात प्लॅन कागदावरच राहतो हे अलिबागच्या माणसाला मी काय सांगू, सेंट मालोहून निघालास आणि वाऱ्याने ऑल्डर्नी या दुसऱ्या चॅनल आयलंडात ढकललं आणि तिथून पुन्हा शेरबुरला आसरा घ्यावा लागला तर तिसरी एंट्री झाली की. म्हणून अर्जासोबत साध्या इंग्रजीत एक पानी पत्र जोड, आम्ही स्वतःच्या शिडाच्या बोटीने येतोय, मधे चॅनल आयलंड आहे, हवामानामुळे बंदरांचा क्रम बदलू शकतो, म्हणून मल्टिपल एंट्री हवी. खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाला चॅनल आयलंडचा घोळ आपोआप सुचत नाही, आपण सांगायचा.

त्या अर्जात अजून एक गोची असते, ते परतीचं तिकीट आणि हॉटेल बुकिंग मागतात आणि तुझ्याकडे दोन्ही नाही. त्याच्याऐवजी बोटीचं रजिस्ट्रेशन, बोटीचा इन्शुरन्स, मरिनाचं बुकिंग (एक-दोन रात्रींचं तरी करून ठेव, कन्फर्मेशनचा ईमेल मिळतो) आणि लिमिंग्टनच्या बर्थचं वार्षिक बिल, म्हणजे बोट परत कुठे येणार ते दिसतं. तिचा ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा लागतो, आणि पॉलिसीत स्वतःच्या यॉटवरचा प्रवास धरलाय की नाही ते बारीक अक्षरात वाच, बऱ्याच स्वस्त पॉलिसींमध्ये किनाऱ्यापासून अमुक मैलांपलीकडे हात वर करतात. फी ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निकाल साधारण पंधरा दिवसांत यायला हवा पण पंचेचाळीसपर्यंत ताणता येतो, आणि खरी रड निकालाची नाहीच, अपॉइंटमेंटची आहे, उन्हाळ्याच्या तोंडावर स्लॉट मिळता मिळत नाहीत. दिवस मागताना पण हात आखडू नकोस. तीन आठवड्यांची ट्रिप म्हणून एकवीसच दिवस मागशील आणि शेवटच्या आठवड्यात नैऋत्येचा वारा पाच दिवस हलला नाही तर काय करशील? तीस-पस्तीस माग, कारण लिही.

परतीचंही तिचं वेगळं आहे. जुनं बी-आर-पी, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं कार्ड, आता गेलं, सगळं ई-व्हिसावर आलंय, तर तिच्या ऑनलाइन अकाउंटला तिचा सध्याचाच पासपोर्ट जोडलाय ना बघ. मधे पासपोर्ट रिन्यू केला आणि अकाउंटमध्ये जुनाच नंबर राहिला अशी मंडळी मला महिन्याला एक तरी भेटते. एअरपोर्टवर निदान काउंटर असतो, इथे तू रात्री अकराला लिमिंग्टनच्या नदीत शिरणार, तेव्हा कोणाशी वाद घालणार.

आता मित्र. त्याच्या पासपोर्टवर मार्च २०२७ दिसतंय म्हणून तुम्ही दोघं निवांत असाल, पण तारीख चुकीची बघताय, संपण्याची नको, काढल्याची बघ. २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत ब्रिटनमध्ये जुना पासपोर्ट संपायच्या आधी नवीन काढला की उरलेले महिने नव्यात धरून द्यायचे, जास्तीत जास्त नऊ. शेंगेनवाले ते वरचे महिने मानत नाहीत. त्यांचं म्हणणं, आत येताना पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना नको आणि बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक हवेत. आता मार्च २०२७ ला संपणारा पासपोर्ट मार्च २०१७ चा असेल तर जुलैत काही प्रॉब्लेम नाही. पण तोच जून २०१६ ला काढलेला आणि नऊ महिने वर मिळालेला असेल, तर या जूनमध्ये त्याला दहा वर्षं झाली, जुलैत शेरबुरला तो चालणार नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. त्याला आजच फोटोचं पान व्हॉट्सॅप करायला सांग.

तुझा स्वतःचा पासपोर्ट नवाकोरा आहे त्यामुळे ती काळजी नाही, आणि व्हिसाही लागत नाही. तुला लागू होतो तो ९०/१८० चा नियम, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस शेंगेनमध्ये. हा नियम लोक जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर असा मोजतात, तसा तो नाहीये. तो सरकता आहे. तू ज्या दिवशी तिथे उभा आहेस त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यातले आत काढलेले किती ते बघायचं, शिरल्याचा दिवस पण धरायचा आणि निघाल्याचा पण. म्हणजे फेब्रुवारीत आल्प्समध्ये स्कीइंगला गेला असशील, ईस्टरला पोरांना घेऊन स्पेनला, ते सगळं या जुलैच्या खात्यात आहे. तीन आठवड्यांच्या ट्रिपला बहुधा काही होणार नाही, तरी एकदा बोटांवर मोज. गर्न्झी-जर्सीतले पूर्ण दिवस यात येत नाहीत, ही त्या बेटांची चांगली बाजू.

आणि हे मोजणं आता माणूस करत नाही. युरोपची एंट्री-एक्झिट सिस्टिम, ई-ई-एस म्हणतात ती, १२ ऑक्टोबर २०२५ ला टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि १० एप्रिल २०२६ ही पूर्ण लागू व्हायची तारीख ठरवली. पहिल्यांदा जाशील तेव्हा तुझे चार बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, पुढची तीन वर्षं रेकॉर्ड राहतं. बायकोचे ठसे व्हिसाच्या वेळीच दिलेले असतात, त्यामुळे तिचा तिथे नुसता फोटो. शिक्क्यांच्या काळात पुसट तारखेवर एखादा ऑफिसर नाद सोडून द्यायचा, कॉम्प्युटर नाद सोडत नाही. याच्या पाठोपाठ एटियास नावाचं ऑनलाइन परमिट येतंय, २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू करायचं ठरलंय, फी २० युरो, तीन वर्षं चालतं. या जुलैला त्याचा संबंध नाही, पण आत्तापासूनच नेटवर 'एटियास काढून देतो' म्हणणारे भुरटे फिरतायत, त्यांच्या नादी लागू नकोस.

शिरायचं कुठून? मुख्य बदल झालाय तो इथे. फ्रान्समध्ये आता ठरलेल्या बंदरांतूनच आत जायचं आणि ठरलेल्या बंदरांतूनच बाहेर पडायचं. तुझ्या पट्ट्यात शेरबुर, ले हाव्र, सेंट मालो, रॉस्कॉफ अशी, जिथे मोठी फेरी लागते तिथे सीमेचे पोलीस असतात असा ढोबळ हिशोब धर. नीडल्सपासून (आइल ऑफ वाइटच्या पश्चिम टोकाचे खडक) शेरबुर साठेक सागरी मैल, पाच नॉटने बारा तास, पहाटे निघालास तर उजेडात पोचतोस. शांतेरेन मरिनात बोट बांधायची, हार्बर ऑफिसात सांगायचं की इंग्लंडहून आलोय, आणि ते पाठवतील तिथे सगळ्यांनी मिळून जायचं. पूर्वी स्किपर एकटा सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन जायचा, ठशांच्या जमान्यात ज्याची बोटं त्यानेच न्यायची. फेरी टर्मिनलपर्यंत चांगली पायपीट आहे, बारा तास हलत्या बोटीवर काढल्यावर जमीनच हलत असते पायाखाली, त्यात पायात सी-बूट आणि हातात पासपोर्टांची झिपवाली प्लास्टिकची पिशवी, अशी आमची वरात मी आणि बायकोने दोनदा काढली आहे आणि दोन्ही वेळा टर्मिनलमधल्या फेरीच्या लोकांनी आम्हाला वाट सोडली, बहुतेक वासामुळे.

आत जाताना सगळे शिस्तीत असतात, घोटाळा होतो बाहेर पडताना. माझाच सांगतो. २०२२ चा सप्टेंबर, आम्ही परतीला होतो, शेवटचा मुक्काम एका छोट्या फ्रेंच बंदरात, नाव नको. बेत असा की सकाळी मोठ्या बंदरात जाऊन एक्झिटचा शिक्का घ्यायचा. रात्री अंदाज बदलला, दुसऱ्या दिवशी दुपारपासून सात-आठ फोर्सचा वारा येणार म्हणाले, तर मी म्हटलं शिक्का गेला खड्ड्यात, पहाटेची ओहोटी पकडू आणि सुटू. सुटलो, वेळेत घरी पोचलो, स्वतःवर खूश. पुढच्या जूनमध्ये एका दुसऱ्या बंदरात ऑफिसर माझा पासपोर्ट चाळतोय. पान उलटतो, पुन्हा मागे जातो, अंगठा जिभेला लावतो, परत पान उलटतो. मग शांतपणे विचारतो, "मस्यू, तुम्ही गेल्या ऑगस्टला आत आलात, ते बाहेर कधी गेलात?" कागदावर मी दहा महिने फ्रान्समध्येच होतो ना! नशीब माझं लॉगबुक बोटीवर होतं. पळत जाऊन आणलं, सोबत घरच्या मरिनाची हिवाळ्याची बिलं, आणि पाकिटात सापडलेलं इंग्लंडातल्या दातांच्या डॉक्टरचं नोव्हेंबरचं अपॉइंटमेंट कार्ड. लॉगबुक त्याने वाचलं, बिलं वाचली, दातांच्या कार्डावर हसला, आणि अर्धा तास माझी फ्रेंचमध्ये चंपी करून सोडलं. नियमात तशी सोय आहे, बाहेर असल्याचा पुरावा दिला की ते मान्य करू शकतात, पण तो आपण द्यायचा, त्यांनी शोधायचा नाही. चूक सगळी माझी होती.

तेव्हा तुझ्या रूटला शेरबुरहून गर्न्झीला निघताना एक्झिट, सेंट मालोला पुन्हा एंट्री, आणि शेवटी फ्रान्सचं जे बंदर शेवटचं असेल तिथे एक्झिट. सेंट मालोहून परतताना शेरबुरला थांबणार असशील तर एक्झिट सेंट मालोला घेऊ नकोस, शेरबुरला घे. आणि घेतल्यावर रेंगाळायचं नाही, वारा फिरला आणि अडकलास तर परत त्याच खिडकीत जाऊन सांगायचं. लॉगबुक मात्र रोज लिही, तारीख, वेळ, कुठून कुठे, आणि पेट्रोल पंपाच्या पावतीसकट सगळं एका फाइलला लाव.

गर्न्झीत पोचल्यावर त्यांचा स्वतःचा कस्टम्सचा फॉर्म असतो, पाच मिनिटांचं काम.

आता चौथा प्रवासी. तू म्हणतोस जुनी बोट दोन वर्षांपूर्वी घेतली, मग पहिला प्रश्न, रजिस्ट्रेशन तुझ्या नावावर केलंस का? सोलेंटमध्ये फिरायला लागत नाही म्हणून कित्येकांनी केलेलंच नसतं, आणि काही जण जुन्या मालकाचा स्मॉल शिप्स रजिस्टरचा, म्हणजे छोट्या बोटींच्या ब्रिटिश नोंदणीचा, कागद तसाच ठेवतात. तो कागद बोट विकली त्या दिवशीच मेला. तुझ्या नावाने नवीन काढ, ऑनलाइन होतं, पाच वर्षांचं असतं, आणि नवीन नंबर बोटीवर लाव. मूळ कागद सोबत ने, फोनमधला फोटो नको. तीच गोष्ट व्ही-एच-एफ रेडिओच्या लायसन्सची, ऑफकॉम या ब्रिटनच्या दूरसंचार नियामकाकडे फुकट मिळतं, पण तुझ्या नावावर हवं, आणि रेडिओ चालवायचं सर्टिफिकेट वेगळं. इन्शुरन्समध्ये क्रूझिंग एरिया बघ, फ्रान्सचा किनारा त्यात आहे का.

आय-सी-सी नावाचं जे स्किपरचं सर्टिफिकेट आहे ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर सहसा विचारत नाहीत. पण सेंट मालोहून रान्स नदीने वर डिनानला जाऊन पुढे कालव्यात घुसायचा मोह झाला तर मात्र ते लागतं, वर कालव्यांच्या नियमांची सेव्हनी म्हणतात ती परीक्षा पण दिलेली हवी. पहिल्याच ट्रिपला डोलकाठी उतरवून कालव्यात जाऊ नये असं माझं मत, पण तू तांडेल.

व्हॅटचं ऐकून लोकांची झोप उडते, तुला तेवढं घाबरायचं कारण नाही. तू युनियनच्या बाहेर राहणारा, बोट बाहेरची, स्वतःच्या मौजेसाठी नेतोस, तर टेम्पररी अॅडमिशनखाली ती अठरा महिने तिकडे व्हॅट न भरता राहू शकते. म्हणजे तुझे ९० दिवस आणि बोटीचे अठरा महिने ही दोन वेगळी घड्याळं आहेत, तू विमानाने घरी आलास तरी बोट तिकडे राहू शकते. फक्त ती फ्रान्समध्ये राहणाऱ्या एखाद्या मित्राला वापरायला देऊ नकोस आणि भाड्याने तर नाहीच. परत आणताना इंग्लंडात व्हॅट मागू नये म्हणून खरेदीची बिलं लागतात, तुझं आणि आधीच्या मालकांचं मिळेल तेवढं, मूळ व्हॅट भरल्याचं बिल असेल तर ते सोन्यासारखं जप. लाल डिझेल (ब्रिटनमध्ये बोटींसाठी मिळतं ते रंग घातलेलं) टाकीत आहे तेवढं ठीक, पावती ठेव, कॅनमध्ये भरून मात्र नेऊ नकोस.

इंग्लंडच्या बाजूचं काम छोटं आहे पण लोक तेच विसरतात. निघण्याआधी आणि परत येण्याआधी, दोन्ही वेळा, प्लेजर क्राफ्ट रिपोर्ट ऑनलाइन भरायचा. निघायच्या आधी जास्तीत जास्त चोवीस तास आणि कमीत कमी दोन तास. बोटीची माहिती, सगळ्यांची नावं, जन्मतारखा, पासपोर्ट नंबर. परतीचा रिपोर्ट फ्रान्समध्येच मरिनाच्या वायफायवर भरून निघ, चॅनलच्या मधोमध नेटवर्क नसतं आणि असलं तर रोमिंगचं बिल असतं. बारा मैलांच्या आत आलास की पिवळा क्यू झेंडा (परदेशातून आलोय, तपासणी व्हायचीय, असा इशारा) चढव, दिसेल असा, आणि सगळं आटपेपर्यंत उतरवू नकोस. मरिनातले बाकीचे नुसते टाटा करून घरी जातील, तुझ्या बोटीवर परदेशी पासपोर्ट आहे त्यामुळे तुला तसं करून चालणार नाही, यॉटलाइनला, म्हणजे सीमा अधिकाऱ्यांच्या बोटवाल्यांसाठीच्या फोन लाइनला, फोन कर, भारतीय पासपोर्टवर आय-एल-आर असलेली व्यक्ती आहे हे स्वतःहून सांग, आणि ते काय म्हणतात त्याची वाट बघ. फ्रान्सच्या हद्दीत शिरताना पण पिवळा झेंडा, आणि एंट्री झाली की उजव्या बाजूला त्यांचा तिरंगा. आपला नाही, त्यांचा. हसू नकोस, एकाने लावला होता.

आणि खाणं! हे कोणी सांगत नाही. ब्रिटनमधून युनियनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. जानेवारी २०२१ मध्ये हॉलंडच्या बंदरात कस्टम्सवाल्यांनी ट्रक ड्रायव्हरांची हॅमची सँडविचेस काढून घेतली आणि वर ब्रेक्झिटमध्ये स्वागत केलं, ते टीव्हीवर आलं होतं. आपल्या भाषेत याचा अर्थ तूप, पनीर, दही, चिकनचा डबा, सगळं बाद. फळं-भाज्यांनाही सर्टिफिकेट लागतं, म्हणजे कढीपत्ता गेला, हिरव्या मिरच्या गेल्या, आणि कोणी हापूसची पेटी पाठवली असेल तर ती लिमिंग्टनलाच संपवा. सर्टिफिकेटशिवाय चालणारी फळं मोजून पाच, अननस, केळं, खजूर, डुरियन आणि नारळ. हो, नारळ! मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा खुर्चीतून उठलो होतो. ब्रसेल्समध्ये बसून कोणीतरी कोळ्यांची सोय केली आहे असंच वाटलं. तेव्हा चॅनल ओलांडताना दर्याला नारळ द्यायचा असेल तर खुशाल ने. बाकी तांदूळ, डाळी, कोरडे मसाले, तेलातला चिवडा, चकल्या भरपूर घे, बोट लागल्यावर पोटात तेच टिकतं. येताना फ्रेंच चीज आणायचा विचार असेल तर तोही सोड, २०२५ च्या एप्रिलपासून युनियनमधून इकडे दुधाचे आणि गुरं, मेंढ्या, डुकरांच्या मांसाचे पदार्थ आणायलाही बंदी घातली आहे, लाळ्या-खुरकतच्या साथीमुळे. तिकडेच बसून खा.

राहिला रिटायरमेंटचा उन्हाळा. नुसत्या ९०/१८० वर अख्खा उन्हाळा निघत नाही. १ मेला शिरलास तर २९ जुलैला तुझे ९० संपले, आणि पुन्हा पाय ठेवायचा तर २८ ऑक्टोबर, तोवर ब्रिटनीत कोण पोहतंय. यातून मार्ग दोन. एक म्हणजे फ्रान्सचा लाँग स्टे टेम्पररी व्हिसा, व्ही-एल-एस-टी, सहा महिन्यांपर्यंत मिळतो, काम करायचं नाही, पैसे आणि इन्शुरन्स दाखवायचा, आणि तिथले दिवस तुझ्या ९० मध्ये मोजत नाहीत. मात्र तो फ्रान्सपुरता, स्पेनला उतरलास की जुनं मीटर सुरू. दुसरा मार्ग भटकण्याचा, दोन महिने ब्रिटनी, मग एक महिना चॅनल आयलंड, मग आयर्लंड, तेही शेंगेनमध्ये नाही आणि ब्रिटिश माणसाला तिथे दिवसांची मर्यादा नाही. कॉर्क, किन्सेल, तो किनारा मला ब्रिटनीपेक्षा जास्त आवडतो, पाऊस सोडला तर अगदी कोकण.

पण ते 'ब्रिटिश माणसाला' हं. बायकोला आयर्लंडसाठी वेगळी चौकशी करावी लागेल, आणि फ्रान्सचा लाँग स्टे तिने तिचा वेगळा काढायचा. तोपर्यंत तिनेही पासपोर्ट बदलला तर हे निम्मं पत्र रद्द होतं, पण मग भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि ओ-सी-आय घ्यायचं, तू त्यातून गेलाच आहेस. तो तुमच्या दोघांचा घरातला विषय, त्यात काकाने तोंड घालू नये. व्हिसाची अपॉइंटमेंट तेवढी या आठवड्यात घे.